अडतीस टक्के कुणाचे?

मे २०२४ मधला एक रविवार. डोंबिवलीला मावशीकडे आमरस-पुरीचं जेवण. पंखा फुल्लवर, तरी घामाच्या धारा. दुसरी वाटी संपवून मी जरा कुठे भिंतीला टेकतेय, तोच माझा मावसभाऊ मोबाइल नाकासमोर धरून हजर.

“ताई, बघ. बावन्न टक्के!”

हे बावन्न टक्के एप्रिलपासून त्या घरात पाहुण्यासारखे राहायला आले होते. चहाच्या वेळी त्यांचा विषय, जेवताना त्यांचा विषय. २०२३-२४ या आर्थिक वर्षात साहेबांच्या पोर्टफोलिओने बावन्न टक्के कमावले म्हणे. वय २९, ऐरोलीला आयटीत नोकरी, लोकलमध्ये उभ्या उभ्या शेअर घ्यायचे-विकायचे, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत चार्ट बघायचे. मेहनत आहे हो पोराची, नाही कशाला म्हणू?

एरवी मी “वा वा” म्हणून झोपले असते. पण या वेळी मामला वेगळा होता. मावशी फेब्रुवारीत शाळेतून रिटायर झाली. जन्मभर नववी-दहावीला गणित शिकवलं तिने. पीएफ, ग्रॅच्युइटी आणि विकलेली पेन्शन मिळून तीस लाख रुपये मार्चच्या मध्यावर तिच्या खात्यात आले होते आणि तिथेच पडून होते. भाऊरायांचं म्हणणं अगदी सरळ. पोस्टातली सिनियर सिटिझन स्कीम देणार ८.२ टक्के. मी काढतोय बावन्न. मग आईचे पैसे पोस्टात कशाला सडवायचे?

वर त्यात तारखेची भानगड. मावशीचं वय ५८. साठच्या आत रिटायर झालेल्यांना त्या स्कीममध्ये यायचं असेल, तर निवृत्तीचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत यावं लागतं. (नोव्हेंबर २०२३ पूर्वी तर एकच महिना मिळायचा.) म्हणजे जूनच्या मध्यापर्यंत काय ते ठरवायला हवं होतं.

मावशी ताटं उचलता उचलता म्हणाली, “अगं, तू बँकेत बसून दिवसभर हेच करतेस ना? बघ जरा, हा म्हणतो ते खरं आहे का.”

झोप गेली उडून. लॅपटॉप आला.

पहिली कात्री बावन्नवरच चालवावी लागली. त्याने वर्षाच्या शेवटची रक्कम घेतली होती आणि सुरुवातीच्या रकमेने भागली होती. मध्ये ऑक्टोबरात दिवाळी बोनसचे पैसे टाकले होते, ते तो विसरला. पगारातून आलेला पैसा म्हणजे काही शेअर बाजाराने दिलेला नफा नव्हे! शिवाय अॅपच्या स्क्रीनवर फक्त आज हातात असलेले शेअर दिसतात. मधल्या काळात तोट्यात फुंकून टाकलेले तीन शेअर त्या यादीत नव्हतेच. ते सगळं नीट मांडल्यावर बावन्नचे झाले अडतीस.

“अडतीस तर अडतीस,” तो म्हणाला. “तरी निफ्टीच्या पुढेच.”

हे मात्र खरं होतं. ३१ मार्च २०२३ ला निफ्टी १७,३६० ला होता, २८ मार्च २०२४ ला २२,३२७. म्हणजे २८.६ टक्के वाढ, आणि लाभांश धरला तर साधारण ३०. अडतीस उणे तीस, आठ टक्के पुढे. मंडळी, आपल्यापैकी बहुतेक जण नेमके इथेच थांबतात. ऑफिसच्या कँटीनमध्ये इथेच टाळ्या पडतात आणि इथेच कोणीतरी म्हणतं, “बॉस, तू नोकरी सोड आणि हेच कर.”

मी त्याला म्हटलं, थांब. पलीकडच्या ब्लॉकमधल्या काकूंचा विचार कर.

समजा, काकूंना शेअर बाजारातलं ओ की ठो कळत नाही. त्यांच्याकडे १०० रुपये आहेत. त्यांनी आणखी ५० रुपये सात टक्क्यांनी उसने घेतले आणि सगळे १५० निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकून त्या वर्षभर मालिका बघत बसल्या. वर्षाअखेर १५० वर ३० टक्के म्हणजे ४५ रुपये. त्यातून ५० वरचं साडेतीन रुपये व्याज गेलं. उरले साडेएक्केचाळीस. स्वतःच्या १०० रुपयांवर साडेएक्केचाळीस टक्के!

म्हणजे काकू पुढे, भाऊराया मागे. रात्रीचे दोन वाजवूनसुद्धा.

“हे चीटिंग आहे,” तो उखडला. “काकूंनी कर्ज काढलंय. केवढी रिस्क!”

अगदी बरोबर. आणि माझा प्रश्नही तोच होता. तू केवढी रिस्क घेतलीयस?

या प्रश्नाचं उत्तर काढायची जी रीत आहे, तिचं भारदस्त नाव कॅपिटल अॅसेट प्रायसिंग मॉडेल, आमच्या धंद्यात लाडाने ‘कॅपएम’. विल्यम शार्प या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६४ मध्ये ते छापलं. त्याच सुमारास जॅक ट्रेनर, जॉन लिंटनर आणि यान मॉसिन हे तिघंही आपापल्या वाटेने तिथेच पोहोचले होते. शार्पना त्यासाठी १९९० चं नोबेल मिळालं, हॅरी मार्कोविट्झ आणि मर्टन मिलर यांच्याबरोबर. नावाला घाबरू नका, आत सामान्य माणसाचीच अक्कल आहे. काहीही जोखीम न घेता मिळतं तेवढं तर मिळायलाच हवं. आपल्याकडे त्यासाठी सरकारची ९१ दिवसांची ट्रेझरी बिलं धरतात. त्या वर्षी त्यांचा दर सातच्या आसपास होता. त्याच्या वर बाजाराने जे जास्त दिलं, ते जोखमीचं बक्षीस. त्या वर्षी ३० उणे ७, म्हणजे २३. आता बाजार एक टक्का हलला की तुमचा पोर्टफोलिओ सरासरी किती हलतो, तो आकडा म्हणजे बीटा. बीटाने २३ ला गुणा, सात मिळवा. एवढ्या जोखमीवर एवढं मिळायला हवं होतं, असा आकडा हाती येतो. तुम्ही त्याच्या वर जे कमावलंत, तो तुमचा अल्फा. खाली राहिलात, तर अल्फा उणे.

काकूंचा बीटा दीड होता. कर्ज काढून त्यांनी तो दीड केला. आता भाऊरायांचा काढायचा होता.

तीन वर्षांचा, म्हणजे छत्तीस महिन्यांचा हिशोब त्याच्याकडे होता. एका कॉलममध्ये निफ्टीचा दर महिन्याचा परतावा, लाभांशासकट. दुसऱ्यात त्याचा स्वतःचा. दोन्हींतून त्या त्या महिन्याचा ट्रेझरी बिलाचा दर वजा. मग आलेख काढला. आडव्या अक्षावर निफ्टी, उभ्यावर पोर्टफोलिओ, छत्तीस ठिपके. त्यांच्या मधोमध एक्सेलने रेषा ओढली.

मावशी कधी मागे येऊन उभी राहिली होती कळलंच नाही. पदराला हात पुसत म्हणाली, “हा तर रेषेचा चढ. आणि रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, तो तुमचा अल्फा. असंच ना?”

मला हे समजायला दोन वर्षांचं एमबीए लागलं होतं!

चढ आला १.५. गणित तोंडीच झालं. सात अधिक दीड गुणिले तेवीस, साडेएक्केचाळीस. मिळाले अडतीस. अल्फा उणे साडेतीन.

भाऊरायांनी मग कर्जाचा मुद्दा लावून धरला. म्हणाला, काकूंना सात टक्क्यांनी कोण देतं उसने? खरंय, कोणी देत नाही. मॉडेलमधली ती सगळ्यात भाबडी समजूत आहे. दहा टक्के व्याज धर म्हटलं. तरी काकूंचे चाळीस होतात.

त्याच्या आदल्या वर्षाचं काय, असं विचारलं, तर म्हणे ते शिकण्याचं वर्ष होतं. तेही केलं. २०२२-२३ मध्ये निफ्टी जागच्या जागी होता, लाभांश धरून जेमतेम अर्धा टक्का. ट्रेझरी बिलं सहाच्या आसपास. म्हणजे बाजारानेच जोखमीचं बक्षीस न देता उलट साडेपाच टक्के कापून घेतले. दीड बीटावाल्याचं मग उणे दोनच्या आसपास काहीतरी होणार. त्याचे होते उणे सहा. तिथेही अल्फा उणे चार.

त्याचं तोंड एवढंसं झालं. मला वाईट वाटलं, कारण ते तोंड माझ्या ओळखीचं होतं.

२००७ मध्ये मी तुमच्याच वयाची होते. पहिली नोकरी, पहिलं डिमॅट खातं, आणि फ्लॅटच्या डाऊन पेमेंटसाठी साठवलेले पैसे. तेव्हा बाजारात इन्फ्रा आणि रियल इस्टेट या दोनच गोष्टी अस्तित्वात आहेत असं आम्हा सगळ्यांचं मत होतं. त्या कॅलेंडर वर्षात सेन्सेक्स १३,७८७ वरून २०,२८७ वर गेला, ४७ टक्के. माझे १०० चे १६२ झाले. आईला मी फोनवर सांगितलं होतं, की मला हे जमतं. २००८ संपलं तेव्हा सेन्सेक्स ९,६४७ ला होता आणि माझ्या १६२ चे ३९ उरले होते. फ्लॅट सात वर्षं पुढे गेला.

कितीतरी वर्षांनी ते जुने कागद काढून मी स्वतःचा बीटा काढला. १.४ आला. बिनजोखमीचा दर सात धरला, तर २००७ मध्ये मला मिळायला हवे होते ६३ टक्के, मिळाले ६२. २००८ मध्ये जायला हवे होते ७६ टक्के, गेले ७६. दोन्ही वर्षांचा अल्फा शून्याला चिकटलेला! पहिल्या वर्षी मी हुशार नव्हते, दुसऱ्या वर्षी मूर्ख झाले नव्हते. दोन्ही वर्षं मी एकच गोष्ट करत होते आणि मला ती माहीत नव्हती. कुणी २००७ च्या डिसेंबरात तो १.४ माझ्या समोर ठेवला असता, तर मी निदान डाऊन पेमेंटचे पैसे बाजूला काढले असते. कदाचित. त्या वयात आपण कुणाचं ऐकतो म्हणा!

असो. परत डोंबिवली.

आता इथे मी जिंकले असं तुम्हाला वाटत असेल, तर थोडं थांबा. कॅपएमच्या हातात हातोडा आहे, पण त्याचा दांडा जरा ढिला आहे. शार्पनंतर चार वर्षांनी, १९६८ मध्ये मायकेल जेन्सेन यांनी हीच फूटपट्टी अमेरिकेतल्या ११५ म्युच्युअल फंडांना लावली, १९४५ ते १९६४ या काळातली. सरासरी निघाली खर्च वजा जाता वर्षाला उणे १.१ टक्का. भले भले मॅनेजर, सुटाबुटातले! तेव्हापासून या अल्फाला जेन्सेनचं नाव चिकटलं. पुढे १९७७ मध्ये रिचर्ड रोल यांनी विचारलं, की ‘बाजार’ म्हणजे नक्की काय हो? निफ्टीत पन्नास कंपन्या आहेत. छोटे शेअर, बाँड, सोनं, डोंबिवलीतला वन-बीएचके, हा सगळा बाजारच नाही का? फूटपट्टी बदलली की अल्फा बदलतो. आणि १९९२ मध्ये फामा आणि फ्रेंच यांनी दाखवलं, की एकट्या बीटाने परताव्यांचा उलगडा नीट होतच नाही. छोट्या कंपन्या, स्वस्त कंपन्या यांचा स्वतंत्र हिशोब मांडावा लागतो.

भाऊरायांनी रोल यांचा मुद्दा पटकन पकडला. “बरोबर! माझे सगळे मिडकॅप आहेत. निफ्टीशी तुलनाच चूक.”

मान्य. मग मिडकॅपशी करू. निफ्टी मिडकॅप १०० त्याच वर्षात जवळपास साठ टक्के वाढला होता.

तो गप्प बसला. मावशी हसली आणि पन्हं आणायला आत गेली. मला वाटतं, हसली ते मुलावर नाही. वर्गातल्या एखाद्या पोराने स्वतःच्याच हाताने खड्डा खणला, की शिक्षकांना येतं तसं हसू होतं ते.

पण दांडा खरोखर ढिला आहे तो दुसऱ्या ठिकाणी, आणि ही गोष्ट त्याच्या बाजूची असूनही त्याला माहीत नव्हती. ते छत्तीस ठिपके रेषेवर ओळीने बसलेले नव्हते, चांगले विखुरले होते. निफ्टीमुळे झालेली हालचाल वजा केल्यावरही त्याचा पोर्टफोलिओ महिन्याला सरासरी पाच टक्के इकडे-तिकडे उड्या मारत होता. एवढ्या गोंगाटात छत्तीस महिन्यांवरून अल्फा किती पक्का ठरतो? एक्सेल सांगतं. रेषेने दिलेला अल्फा होता महिन्याला उणे ०.३, म्हणजे वर्षाला उणे साडेतीनच्या आसपास. आणि त्याची खरी किंमत वर्षाला उणे २३ पासून अधिक १६ पर्यंत कुठेही असू शकते!

म्हणजे पोरगं वाईट आहे असंही सिद्ध होत नाही. कदाचित तो खरंच चांगला असेल आणि तीन वर्षं नशीब फिरलं असेल. गंमत म्हणून मी उलटा हिशोब केला. एखाद्याचा खरा अल्फा वर्षाला तीन टक्के आहे, आणि एवढ्याच गोंगाटातून तो ठामपणे दिसायला हवा, तर किती महिन्यांचा डेटा लागेल? सोळाशे. वर्षं करा. एकशे तेहतीस.

“म्हणजे माझे पणतू सांगतील, मी चांगला होतो की नाही,” तो म्हणाला. त्या दुपारी पहिल्यांदाच हसला.

तुम्हाला घरी हे करून बघायचं असेल, तर एक्सेलमधली स्लोप आणि इंटरसेप्ट ही दोन फंक्शन्स पुरेत. दर महिन्याच्या शेवटच्या दिवशी पोर्टफोलिओची किंमत लिहून ठेवायची सवय मात्र हवी, आणि त्या महिन्यात टाकलेले-काढलेले पैसे वेगळ्या कॉलममध्ये. निफ्टी लाभांशासकटचा घ्या, त्याला टोटल रिटर्न इंडेक्स म्हणतात. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने म्युच्युअल फंडांनाही तुलनेला तोच वापरायला लावला आहे, मग आपण का सूट घ्यायची? आणखी एका ठिकाणी माझ्या ओळखीतले बरेच जण फसतात. फंडाच्या फॅक्टशीटवर बीटा छापलेला असतो. स्मॉलकॅप फंडाचा ०.९ दिसला, की लोकांना वाटतं, वा, निफ्टीपेक्षा सुरक्षित! तो ०.९ स्मॉलकॅप इंडेक्सच्या तुलनेत असतो हो. निफ्टीच्या तुलनेत नाही. कुठल्या बाजाराचा बीटा, हे आधी विचारायचं.

मावशीने त्या दिवशी काहीच ठरवलं नाही. पन्ह्याचा ग्लास माझ्या हातात देत एवढंच विचारलं, “बाजार दहा टक्के पडला, तर याच्या हिशोबाने माझे तीस लाखांचे किती जातील?”

“दीड बीटा. पंधरा टक्के. साडेचार लाख.”

“हं,” म्हणाली आणि विषय संपवला.

मग आला ४ जून २०२४. लोकसभेच्या निकालाचा दिवस. आदल्या दिवशी एक्झिट पोलच्या जोरावर निफ्टी सव्वातीन टक्के उसळून २३,२६४ ला बंद झाला होता. आमचे भाऊराया सकाळपासून ऑफिसच्या पँट्रीत टीव्हीसमोर. दुपारपर्यंत सगळं लाल. बाजार बंद झाला तेव्हा निफ्टी २१,८८५, म्हणजे एका दिवसात ५.९ टक्के खाली. त्याचा मेसेज आला, “ताई, नऊ गेले.” मी मनातल्या मनात दीडने गुणलं. ८.९. मॉडेल एवढं बरोबर आल्याचा आनंद व्हायला हवा होता, झाला नाही.

संध्याकाळी मावशीला फोन केला. वाटलं होतं, घरात रडारड असेल. ती शांत होती. “आज माझे पैसे त्याच्याकडे असते तर दोन लाख सत्तर हजार गेले असते,” म्हणाली. तिने स्वतःच केला होता हिशोब, कागदावर.

आता हेही सांगायला हवं, की त्या एका दिवसाने काही सिद्ध झालं नाही. ७ जूनला निफ्टी २३,२९० ला बंद झाला, पडझडीच्या आदल्या दिवसापेक्षाही वर. तीन दिवसांत सगळं भरून निघालं. भाऊरायांनी लगेच फोन करून ते ऐकवलंच. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पण ते २९ वर्षांच्या, दरमहा पगार येणाऱ्या माणसाचं म्हणणं होतं. मावशीने त्याला जे उत्तर दिलं, ते मला नंतर त्याच्याकडूनच कळलं. ती म्हणाली, “तुला तीन दिवस वाट बघता आली. मला ते तीन दिवस माहीत नव्हते ना.”

मला तेव्हा लक्षात आलं, की रविवारची दुपारभर आम्ही दोघं अल्फावर भांडत होतो, आणि मावशीला अल्फाशी फारसं कर्तव्य नव्हतं. तिचा प्रश्न बीटाचा होता. मुलगा हुशार आहे की नाही, हे कळायला एकशे तेहतीस वर्षं लागतील. तो केवढा हलतो, हे छत्तीस महिन्यांत बऱ्यापैकी कळलं होतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती एकटीच पोस्टात गेली. चोवीस लाख सिनियर सिटिझन स्कीममध्ये. दर तिमाहीला ४९,२०० रुपये व्याज. चार लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात टाकले, तेही दर महिन्याला थोडे थोडे करून. आणि दोन लाख मुलाला दिले. “बुडाले तरी चालतील असे,” असं वर सांगून.

मी तिच्या सगळ्या पैशांचा मिळून बीटा काढला. पोस्टाचा शून्य, इंडेक्स फंडाचा एक, मुलाचा दीड. पैशांच्या वजनाप्रमाणे सरासरी ०.२३. ४ जूनसारखा दिवस आला, तर तीस लाखांतले चाळीस-बेचाळीस हजार हलतील. आकडा ऐकून ती म्हणाली, “एवढं चालेल.”

आणि भाऊराया? नोकरी चालू आहे. पण आता दर महिन्याच्या एक तारखेला मला त्याची एक्सेल शीट येते, दोन नव्या कॉलमसकट, बीटा आणि अल्फा. २०२४-२५ हे वर्ष मोठं विचित्र गेलं. निफ्टी लाभांशासकट साडेसहाच्या आसपास, ट्रेझरी बिलंही साडेसहाच्या आसपास. म्हणजे बाजाराने जोखमीचं बक्षीस दिलंच नाही. सप्टेंबरात २६,२०० च्या वर गेलेला निफ्टी फेब्रुवारीअखेर २२,१०० च्या घरात आलेला बघायची हौस तेवढी फिटली. अशा वर्षी बीटा दीड असो नाहीतर अर्धा, मॉडेलची अपेक्षा साडेसहाच. त्याने काढले नऊ. एप्रिलच्या एक तारखेला सकाळी सातला फोन.

“ताई! अल्फा अधिक अडीच! आता बोल!”

छान म्हटलं, अभिनंदन. मनापासून म्हटलं. मग त्याला अल्फाच्या शेजारी स्टँडर्ड एररचाही एक कॉलम टाकायला सांगितला.

तो काही अजून आलेला नाही.